कुत्र्यांतील लेप्टोस्पायरोसिस : चाव्याइतकेच मूत्रालाही जपा

कुत्रा चावला की आपण लगेच जखम धुतो आणि दवाखान्यात जाऊन रेबीजची लस टोचून घेतो. ही सवय चांगली आहे आणि ती सोडू नये. परंतु कुत्र्यापासून माणसाला होणारा आणखी एक रोग असा आहे की त्यासाठी कुत्र्याने चावावे लागत नाही, ओरखडावेही लागत नाही. अंगणात, गोठ्याच्या दाराशी, शेताच्या बांधावर त्याने केलेले मूत्र पावसाच्या पाण्यात मिसळते आणि त्या पाण्यात आपला उघडा, भेगाळलेला पाय पडतो. रोगाचा प्रसार व्हायला एवढे पुरेसे असते. या रोगाचे नाव लेप्टोस्पायरोसिस. कोकणात आणि मुंबई परिसरात त्याला नुसते 'लेप्टो' असेही म्हणतात.

या रोगावर औषध आहे, कुत्र्यांसाठी लस आहे आणि बचावाचे उपायही घरच्या घरी करता येण्यासारखे आहेत. तरीही माणसे दगावतात. याचे मुख्य कारण उशीर हे आहे. म्हणून हा रोग कसा पसरतो, कसा ओळखावा आणि कोणत्या दिवसांत काय करावे याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणासाठी नवी मुंबई आणि तिच्या भोवतीचा पनवेल-उरणचा भातपट्टा घेतला असला तरी जेथे जेथे पावसाळ्यात चिखलात उतरून काम होते तेथे ही माहिती उपयोगी पडेल.

रोग कशामुळे होतो?

लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. हा जिवाणू अतिशय बारीक, स्क्रूसारखा पिळदार असून त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे बारीक आणि 'स्पायरा' म्हणजे वेटोळे. त्यावरून हे नाव पडले. त्याचे २५० हून अधिक उपप्रकार आहेत. उंदरांमध्ये प्रामुख्याने इक्टेरोहिमोरेजी, कुत्र्यांमध्ये कॅनिकोला, गाई-म्हशींमध्ये हार्डजो आणि डुकरांमध्ये पोमोना असे उपप्रकार आढळतात. मात्र एका जनावराचा उपप्रकार दुसऱ्याला आणि माणसालाही बाधू शकतो.

ओलावा, ऊब आणि साचलेले गोडे पाणी या जिवाणूला मानवते. अशा ठिकाणी तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. कडक ऊन, कोरडी जमीन, उकळते पाणी आणि क्लोरीन यांपुढे तो टिकत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात हा रोग फारसा दिसत नाही आणि जून ते ऑक्टोबर या काळात डोके वर काढतो.

उंदीर, कुत्रा आणि माणूस

या रोगाची साखळी नीट समजून घेतली तर ती कोठे तोडायची हे कळते.

साखळीचे पहिले टोक म्हणजे उंदीर आणि घुशी. त्यांच्या मूत्रपिंडात हे जिवाणू वस्ती करून राहतात. उंदीर आजारी दिसत नाही, पण त्याच्या मूत्रावाटे जिवाणू बाहेर पडत राहतात.

दुसरी कडी कुत्रा. तो उंदीर धरून खातो, गटाराचे आणि डबक्याचे पाणी पितो, ओल्या मातीत लोळतो. त्यामुळे त्याला लागण होते. काही कुत्री मरतात, काही बरी होतात, तर काहींना झालेला आजार कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु बरा झालेला कुत्राही पुढे काही आठवडे, कधी काही महिने मूत्रातून जिवाणू टाकत राहतो. उंदराची वाट बिळापासून कणगीपर्यंत असते. कुत्रा मात्र नाल्यापासून बांधापर्यंत, बांधापासून ओटीपर्यंत फिरतो आणि जागोजागी मूत्र टाकून आपली हद्द आखतो. म्हणून उंदराकडचा रोग माणसाच्या उंबऱ्याशी आणून सोडणारा दुवा म्हणून कुत्र्याकडे पाहावे लागते. गाई, म्हशी, शेळ्या आणि डुकरे यांचाही असाच वाटा असतो.

तिसरी कडी माणूस. पायाच्या भेगा, बोटांमधील चिखल्या, कोयत्याची किंवा काट्याची जखम, तसेच डोळे, नाक व तोंडाची नाजूक त्वचा यांवाटे जिवाणू शरीरात शिरतात. बराच वेळ पाण्यात राहून भिजलेली, पांढरी पडलेली त्वचाही त्यांना अडवू शकत नाही. माणसाकडून माणसाला मात्र हा रोग सहसा होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे किंवा त्याची सेवा करायला घाबरण्याचे कारण नाही.

नवी मुंबई परिसरात धोका का?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. शहर वाढले तरी गावठाणे जागच्या जागी राहिली. आज एकाच ठिकाणी उंच इमारती, जुनी गावठाणे, उघडे नाले, खाडीची खाजणे आणि पनवेल-उरण तालुक्यांतील उरलेली भातखाचरे शेजारी-शेजारी आहेत. शहरातील उष्टे-खरकटे आणि कचरा यांवर उंदीर व भटकी कुत्री पोसली जातात. तीच कुत्री सकाळ-संध्याकाळ शेतात आणि वाडीत फिरतात. त्यामुळे शहर आणि शेत यांच्यामध्ये रोगाला अडसर असा उरलेला नाही.

खारभूमीतील शेतकऱ्यांना वाटेल की आपल्या जमिनीत मीठ आहे, तेव्हा जिवाणू टिकणार नाही. खारे पाणी या जिवाणूला मानवत नाही हे खरे. परंतु खारजमिनीत भात घेतो ते पावसाने वरच्या थरातील क्षार धुऊन नेल्यानंतरच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जातीसुद्धा आपण या धुतलेल्या जमिनीतच लावतो. आपण खाचरात उतरतो तेव्हा तेथे पावसाचे गोडे पाणी साचलेले असते. म्हणून खारजमिनीवर भरवसा ठेवून गाफील राहू नये.

राज्याच्या इतर भागांतील उत्पादकांचाही नवी मुंबईशी रोजचा संबंध आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य यांच्या गाड्या घेऊन शेतकरी वाशीच्या बाजार समितीत उतरतात. जेथे शेतमाल असतो तेथे उंदीर येणारच, आणि पावसाळ्यात भाजीचा पाला पाण्यात पडून राहिला की तो ओला गाळ अनवाणी पायांनी तुडवणे कोणत्याही बाजारात धोक्याचे असते. माल उतरविताना पायात बूट असावेत, हातापायाची जखम झाकलेली असावी आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आतापर्यंतचा अनुभव

हा रोग आपल्याकडे नवीन नाही. जर्मनीतील डॉ. अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली कावीळ, मूत्रपिंडाची बाधा आणि ताप एकत्र असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. जपानमध्ये १९१५ च्या सुमारास इनाडा आणि इडो यांनी त्याचा जिवाणू शोधून काढला. भारतात अंदमान बेटांवर टेलर आणि गॉयल यांनी १९३१ साली या रोगाची नोंद केली. केरळात त्याला 'एलिप्पनी' म्हणतात. त्याचा अर्थ उंदीरताप. दक्षिण गुजरातमधील भात आणि उसाच्या पट्ट्यातही पावसाळ्यात हा रोग नेहमी दिसतो.

मुंबईत २००० सालच्या जुलैमधील अतिवृष्टीनंतर तापाने आजारी पडून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे निदान झाले. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला. लक्षावधी लोक तासन्‌तास कमरेइतक्या पाण्यातून चालले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात या रोगाची मोठी साथ आली. २०१५ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पश्चिम उपनगरांत रुग्ण दगावले, तेव्हा महानगरपालिकेने उंदरांबरोबरच गुरे आणि कुत्र्यांकडेही लक्ष वळविले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भातशेतकरीही या रोगाच्या साथींना तोंड देत आले आहेत. जगाचा विचार केला तर दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग होतो आणि त्यांतील सुमारे ५९ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला.

कुत्र्यामधील लक्षणे

लागण झाल्यानंतर साधारणपणे १ ते २ आठवड्यांत पुढील लक्षणे दिसू लागतात.

१) सुरुवातीला ताप येतो, कुत्रा सुस्त पडून राहतो, अन्न सोडतो.
२) उलट्या व कधी जुलाब होतात. त्यांत रक्तही असू शकते.
३) कंबर व पोट दुखते. उचलताना किंवा पोटाला हात लावताना तो विव्हळतो, पाठ वाकवून चालतो.
४) सुरुवातीला पाणी खूप पितो व वारंवार मूत्र करतो. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की मूत्र अगदी कमी होते किंवा थांबते.
५) डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या व कानाची आतील बाजू पिवळी दिसते. मूत्र गडद होते.

सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतील असे नाही. पावसाळ्यात कुत्र्याने दोन वेळचे अन्न सोडले आणि उलट्या सुरू झाल्या तर 'काहीतरी खाल्ले असेल' म्हणून सोडून देऊ नये. त्याला वेगळ्या, कोरड्या जागी बांधावे आणि लगेच पशुवैद्यकास दाखवावे. वेळेवर प्रतिजैविके आणि सलाईन मिळाल्यास पुष्कळ कुत्री वाचतात. आजार उतरल्यानंतरही मूत्रपिंडात लपलेले जिवाणू नाहीसे करण्यासाठी पशुवैद्यक सुमारे २ आठवड्यांचा डॉक्सिसायक्लिनचा उपचार देतात. कुत्रा खेळू लागला म्हणून हा उपचार अर्ध्यावर सोडू नये. कुत्रा वरून बरा दिसला तरी त्याच्या मूत्रातील धोका या उपचारानेच जातो.

माणसामधील लक्षणे

माणसात लागण झाल्यापासून २ ते ३० दिवसांत, बहुधा १ ते २ आठवड्यांत आजार सुरू होतो. एकाएकी थंडी वाजून भरपूर ताप येणे, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या व कंबर दुखणे आणि डोळे लाल होणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. पुष्कळ रुग्ण एवढ्यावर बरे होतात. परंतु काहींमध्ये कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते, खोकल्यावाटे रक्त पडते. अशा रुग्णांत मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे यांना इजा होऊन मृत्यू येऊ शकतो.

शेतकऱ्यांची फसगत येथेच होते. लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम केल्यावर पोटऱ्या आणि कंबर सर्वांचीच दुखते. पावसात भिजल्याने कणकणही येते. त्यामुळे दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा खाचरात उतरतो. यातील फरक ओळखण्यास शिकावे. श्रमाने आलेले दुखणे रात्रीच्या झोपेने हलके होते आणि त्याबरोबर मोठा ताप नसतो. लेप्टोच्या दुखण्यात ताप एकदम चढतो, पोटरी दाबली तर कळ सोसत नाही आणि डोळे लाल होतात, पण डोळे आल्यासारखी चिकट घाण येत नाही. अशा तापात अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही गोळ्या मूत्रपिंडाला आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने घातक ठरतात.

दुसरी फसगत कावीळ दिसल्यावर होते. डोळे पिवळे झाले की झाडपाल्याचे औषध घेण्यासाठी किंवा कावीळ उतरविण्यासाठी रुग्णाला गावोगाव नेले जाते. तापाबरोबर आलेली कावीळ हे लेप्टोच्या गंभीर अवस्थेचे लक्षण असू शकते. त्या वेळी गेलेला एक-एक दिवस मोलाचा असतो.

तपासणी व उपचार

पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात जावे. हिवताप, डेंगी आणि लेप्टो हे तिन्ही ताप याच दिवसांत येतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टरांना पुढील तीन गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

१) मी गेल्या महिन्याभरात चिखलणी, लावणी, बेणणी किंवा गोठ्याचे काम केले आहे, अथवा पुराच्या पाण्यातून चाललो आहे.
२) माझ्या पायाला भेगा, चिखल्या किंवा जखम आहे.
३) आमच्याकडे कुत्रा किंवा जनावर आजारी होते, किंवा घरात व गोठ्यात उंदीर आहेत.

या माहितीमुळे डॉक्टरांचे लक्ष योग्य दिशेला जाते. रक्तातील प्रतिद्रव्ये दाखविणारी तपासणी आजाराच्या पहिल्या ५ ते ७ दिवसांत नकारार्थी येऊ शकते. त्यामुळे अहवालात काही आढळले नाही म्हणून रुग्णाला घरी आणून उपचार थांबवू नयेत. संशय असल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि ते योग्यच असते. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, तर गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने दिली जातात. डॉक्सिसायक्लिन गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना चालत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घरातील कोणालाही देऊ नयेत. लघवी कमी होणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे किंवा रक्त पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयातच न्यावे.

प्रतिबंधक उपाय

अ) कुत्र्याची काळजी

पाळीव कुत्र्याला दरवर्षी लस टोचावी. कुत्र्यांच्या अनेक रोगांवरील एकत्रित लसींपैकी बहुतेकांत लेप्टोस्पायरोसिसचा अंश असतो. तो आहे की नाही हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे. पिल्लाला ८ आठवड्यांनंतर पहिली मात्रा आणि ३ ते ४ आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. पूर्वी कधीच लस न दिलेल्या मोठ्या कुत्र्यालाही अशा दोन मात्रा लागतात. त्यानंतर वर्षातून एकदा पुरते. लसीचा प्रभाव सुमारे एक वर्ष राहतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतच लसीकरण उरकावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेबीजची लस वेगळी आणि लेप्टोची वेगळी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करताना त्यांना रेबीजची लस दिली जाते. त्यामुळे कान कापलेला कुत्रा दिसला तर त्याची नसबंदी झाली आहे एवढे समजावे. लेप्टोच्या दृष्टीने तो सुरक्षित आहे असे समजू नये. तसेच लसीत सर्व उपप्रकारांचा समावेश नसतो. म्हणून लस दिली तरी पुढील काळजी घ्यावीच.

कुत्र्याला स्वच्छ पाणी भांड्यात द्यावे, म्हणजे तो डबक्याकडे कमी वळतो. त्याचे अन्न रात्री उघडे ठेवू नये, त्याने उंदीर येतात. त्याची बसण्याची जागा कोरडी व उंच असावी. विहीर, हातपंप आणि भांडी घासण्याची जागा यांपासून त्याला दूर बांधावे.

ब) उंदरांचा बंदोबस्त

एकट्याने केलेल्या बंदोबस्ताचा उपयोग थोडे दिवसच होतो, शेजारच्या शेतातील उंदीर परत येतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी संपूर्ण गावाने मिळून मोहीम घ्यावी. बांधावरील बिळे आदल्या दिवशी बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी उकरलेली बिळे जिवंत समजावीत. अशा बिळांत दोन-तीन दिवस विष नसलेली तेल लावलेली भरड ठेवून उंदरांना चटक लावावी. नंतर ४८ भाग भरड, १ भाग खाद्यतेल आणि १ भाग झिंक फॉस्फाईड काठीने मिसळून त्याचे आमिष सुमारे १० ग्रॅम प्रत्येक बिळात खोलवर ठेवून बीळ बुजवावे.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ते माणूस, कुत्रा, कोंबड्या या सर्वांना मारक आहे. म्हणून त्याचा वापर शेतातच, प्रौढ व्यक्तीने, वेष्टनावरील सूचना वाचून करावा. त्या दिवसांत कुत्रा बांधून ठेवावा. घरात, गोठ्यात व कोठारात विषाऐवजी पिंजरे लावावेत. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलावा व खोल पुरावा.

क) गोठा आणि अंगण

गोठ्यातील मूत्र साचू न देता नालीने खड्ड्यात जाईल असा उतार द्यावा. फरशी प्रथम पाण्याने स्वच्छ धुवावी आणि मगच ब्लिचिंग पावडरचे द्रावण शिंपडावे. एक लीटर पाण्यास ३० ग्रॅम ताजी पावडर पुरते. जनावरे व कुत्रा बाहेर काढून हे काम करावे आणि अर्ध्या तासाने फरशी धुवावी. धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तुषार डोळ्यांत व तोंडात उडतात, म्हणून पाणी हळू ओतावे. गव्हाण, पेंढा आणि पशुखाद्य झाकून ठेवावे. अंगणातील खड्डे मातीने बुजवावेत. पिण्याचे पाणी पावसाळ्यात उकळूनच प्यावे.

ड) स्वतःची काळजी

गोठा साफ करताना, नाल्यात उतरताना आणि बांधावरून हिंडताना गमबूट घालावेत. गुडघाभर चिखलात लावणी करताना गमबूट रुतून बसतात, हे मान्य आहे. म्हणून खाचरात उतरण्यापूर्वी निदान जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. ज्याच्या पायाला ओली जखम आहे त्याने ती भरेपर्यंत चिखलातले काम टाळून जुड्या बांधण्यासारखी बांधावरची कामे घ्यावीत. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने मजुरांनाही ही सवलत द्यावी.

काम संपताच हातपाय साबण व स्वच्छ पाण्याने धुवावेत, ओढ्याच्या किंवा खाचराच्या पाण्याने नव्हे. नंतर बोटांमधील जागा कोरडी पुसावी. चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावावे. चिखल्या किरकोळ वाटतात, पण या रोगाचे ते उघडे दार आहे. खाचराच्या बांधावर बसून जेवताना हात धुण्यासाठी घरून एक बाटली स्वच्छ पाणी वेगळे न्यावे.

पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. ज्या भागात साथ आहे तेथे जोखमीचे काम करणाऱ्यांना आरोग्य खात्याच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची २०० मि.ग्रॅ. मात्रा आठवड्यातून एकदा दिली जाते. आरोग्य कर्मचारी गोळी देऊ लागल्यास ती टाळू नये आणि आपल्या मनाने सुरूही करू नये.

नेहमीच्या शंका

शंका : घरचा कुत्रा सोडून द्यावा का?
समाधान : मुळीच नाही. सोडलेला कुत्रा भटका होतो, लस चुकते आणि धोका वाढतो. लस दिलेला, बांधून खाऊ घातलेला कुत्रा राखणही करतो आणि रोगाचा धोकाही कमी ठेवतो.

शंका : कुत्र्याला हात लावला तर रोग होतो का?
समाधान : निरोगी कुत्र्याच्या कोरड्या अंगाला हात लावल्याने भीती नाही. जपायचे ते मूत्राला. आजारी कुत्र्याची शुश्रूषा करताना हातमोजे घालावेत व मुलांना दूर ठेवावे.

शंका : गाभण गाय गाभडली, त्याचा या रोगाशी संबंध असेल का?
समाधान : असू शकतो. गाभडण्याची इतरही कारणे आहेत, त्यांतील ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्याला खाऊ देऊ नये, खोल पुरून टाकावे. पशुवैद्यकास रक्ताचा नमुना घेण्यास सांगावे. दूध उकळूनच प्यावे.

शंका : एकदा रोग झाला की पुन्हा होत नाही ना?
समाधान : उपप्रकार अनेक असल्याने दुसऱ्या उपप्रकाराची लागण पुन्हा होऊ शकते. काळजी दरवर्षी घ्यावी.

वर्षभराचे वेळापत्रक

एप्रिल-मे : कुत्र्याचे लसीकरण, गावाची उंदीर मोहीम, गोठ्याची फरशी व नाली दुरुस्ती, अंगणातील खड्डे बुजविणे.
जून-जुलै : चिखलणी-लावणीत जखमांची काळजी, रोज पाय धुऊन कोरडे करणे, ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना.
ऑगस्ट-सप्टेंबर : बेणणीच्या वेळी तीच काळजी, उकळलेले पाणी, आजारी कुत्रा व जनावरे वेगळी बांधणे.
ऑक्टोबर : भात पोटरीत व दाण्यात असताना बांधावरील बिळे शोधून दुसरी उंदीर मोहीम, कापणीत ओल्या शेतात पायांची काळजी.

या यादीतील बहुतेक कामे थोड्या खर्चाची आहेत. कुत्र्याच्या दोन सुया, गोठ्यातील थोडी ब्लिचिंग पावडर, पायाचे मलम आणि दवाखान्याची वेळेवर एक फेरी यांचा खर्च एकत्र केला तरी तो अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चापेक्षा कमीच भरेल. लावणी चार दिवस पुढे गेली तर ती शेजाऱ्यांच्या मदतीने उरकता येते. तेव्हा या पावसाळ्यात घरातील कोणाला ताप आला तर शेताचे काम थांबवून प्रथम त्याला दवाखान्यात न्यावे आणि 'हा चिखलात काम करतो' हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.